सुळ्यांची फळी

धाकू गोताड कोयतीला धार लावायला माझ्या पडवीत आला, तेव्हा मी तात्या विचाऱ्यांच्या वडिलांनी मारलेल्या डुकराचे सुळे जुन्या फळीवरून सोडवत बसलो होतो. फळीला वाळवी लागली होती. तात्यांनी फणसाची नवी फळी करून त्यावर ते पुन्हा बसवून द्यायला सांगितलं होतं. दुपारी कुंभ्याच्या रानात डुकराचा हाका होता. धाकू हाकाऱ्यांच्या उजव्या बाजूला चालणार होता. रान उठवायचं म्हणजे आधी वाट साफ करावी लागते, म्हणून त्याला कोयती धारेची हवी होती.

धाकू आणि मी अकरा वर्षं एका करवतीवर होतो. ओंडका उंच बांधलेला, मी वर उभा, तो खाली. लाकडाचा भुसा सगळा त्याच्या डोक्यावर पडायचा आणि मेस्त्री म्हणून नाव माझं व्हायचं. याबद्दल तो मला रोज एकदा टोमणा मारायचा आणि मी रोज एकदा हसायचो.

त्याने एक सुळा हातात घेऊन उलटासुलटा केला.

"मेस्त्री, आपल्या पोरांचे दात पडले की आपन कौलावर फेकतो," तो म्हणाला. "आनि डुकराचे भिंतीवर लावतात. ह्ये काय ते मना आजून कळलं नाय."

मी त्याला पुन्हा एकदा समजावलं. मला ते समजावायला आवडायचं, कारण गावात या बाबतीत माझ्याएवढं कुणाला कळत नव्हतं. मादीला नाव घेण्यासारखे सुळे नसतात. कळपातल्या नरालाही बोटभरच. कळपाने हाकलून दिलेला, एकटा फिरणारा म्हातारा नर, ज्याला आमच्याकडे एकुलगा म्हणतात, त्याचेच सुळे भिंतीवर लावायच्या लायकीचे. त्याच्या तोंडाबाहेर जेवढा दिसतो तो सुळ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीचा जबड्यात पुरलेला असतो. म्हणून उतावळे लोक सुळा बाहेरच्या बाहेर कापतात आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतात. मुंडकं उकळायचं, मांस सुटलं की जबडा हलक्या हाताने फोडायचा आणि सुळा मुळासकट ओढायचा. तो वीतभर भरला, जोडी सारखी निघाली, टोकं शाबूत असली, तर ती शिकार. नाहीतर नुसतं मटण.

तात्यांच्या वडिलांचे सुळे वीत भरून वर दोन बोटं होते. तात्यांच्या पडवीत अशा पाच फळ्या होत्या. ही एक वडिलांची आणि चार तात्यांच्या स्वतःच्या. प्रत्येक फळीवर मारणाऱ्याचं नाव आणि साल मीच कोरलेलं होतं. तात्यांची एकही जोडी वीतभर नव्हती. तात्यांनी साठी गाठली होती, आणि आलागेला प्रत्येक पाहुणा पहिल्यांदा वडिलांच्या फळीपुढे उभा राहायचा. हे दुःख तात्या कुणाला सांगायचे नाहीत, पण मला ते ठाऊक होतं. त्या माघात एक एकुलगा रोज येऊन कुळीथ आणि वाल नांगरून टाकत होता. त्याच्या खुरांचे ठसे बघून तात्या दोन रात्री झोपले नव्हते.

मी धाकूची कोयती दगडावर चांगली अर्धा तास घासली. नुसती धार नाही, पातं पांढरं होईपर्यंत. त्याने ती कमरेला पाठीमागे, लाकडी आकडीत अडकवली आणि म्हणाला, "आता ह्यात तोंड बघून दाढी करंन."

दुपारी आम्ही खिंडीच्या तोंडाशी बसलो. तात्या पुढे, दुनळी बंदूक गुडघ्यावर. मी त्यांच्या डाव्या हाताला, दोरखंड आणि कुऱ्हाड घेऊन. डुक्कर पडलं की मुंडक्याचं काम माझं, म्हणून माझी जागा कायम तात्यांच्या शेजारी असे. खालून हाकाऱ्यांचा आवाज चढत येत होता. कुणी डबे बडवत होतं, कुणी नुसतंच ओरडत होतं.

आमच्या गावात हाक्याचा एक नियम होता, आणि तो तात्यांच्या वडिलांनी घालून दिलेला होता. सुळा दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. जाळी हलली म्हणून नाही, काळं दिसलं म्हणून नाही. पांढरा, वर वळलेला सुळा दिसला पाहिजे. त्यामुळे पिलांची आई वाचायची आणि पुढे येणारा हाकारीही वाचायचा. चाळीस वर्षांत आमच्या रानात कुणाला छर्रा लागला नव्हता.

समोर करवंदीची मोठी जाळी होती. ती हलली. तात्यांनी बंदूक उचलली आणि थांबले. नियमाप्रमाणे थांबले. जाळीत काहीतरी पांढरं, वाकडं, वरच्या बाजूला वळलेलं चमकलं. तात्यांनी मला हळूच काही विचारलं. मी उत्तर दिलं. मग बार झाला.

त्या आवाजाने जाळीच्या दुसऱ्या टोकातून एक डुक्कर उसळून बाहेर पडलं. तात्यांनी दुसरी नळी त्याच्यावर झाडली आणि ते जागीच लोळलं. हाकारी आनंदाने ओरडले. मी धावत गेलो. ती मादी होती.

मग जाळीतून धाकूचा आवाज आला.

रान जास्त दाट झालं म्हणून तो रांगेच्या पुढे आला होता. वाकून, गुडघ्यावर, जाळीतून वाट काढत होता. वाकल्यामुळे पाठीची कोयती वर आली होती. छर्रे मांडीत वरच्या बाजूला, जांघेजवळ शिरले होते. मी माझं धोतर फाडून घट्ट बांधलं. डोली केली. चौघांनी खांद्यावर घेतली आणि तालुक्याच्या वाटेला लागलो. मी डोलीबरोबर चालत होतो. नदीच्या उतारावर तो मला म्हणाला, "मेस्त्री, त्यो वडाचीवाडीचा ओंडका आर्धाच ऱ्हायला." मी म्हटलं, सोमवारी पुरा करू. नदी ओलांडायच्या आत तो गेला.

संध्याकाळी देवळाच्या आवारात गावची माणसं बसली. तात्या सगळ्यात आधी बोलले, आणि हे मला आजही सांगितलंच पाहिजे, कारण त्यांच्याबद्दल पुढे लोक काहीबाही बोलले. ते म्हणाले, "माझ्या हातून माणूस गेला. मी सकाळी तालुक्याला जातो आणि तसं लिहून देतो."

पोलीस पाटलांनी त्यांना थांबवलं. पाटलांचं म्हणणं मुद्द्याला धरून होतं. गावात परवान्याची बंदूक एकच. ती गेली की डुकरं दोन वर्षांत शेतं ओस पाडतील. धाकू काही परत येणार नाही. एकुलगा रानात आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, डुकराने माणूस फाडला यात नवल काय. जमलेले लोक माना हलवत राहिले. तात्या मात्र हलले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

"मेस्त्री, तुम्ही माझ्या शेजारी होता," ते म्हणाले. "तुम्ही सांगा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पाटील म्हणतात ते बरोबर आहे."

तात्या खाली बसले.

आता अडचण एकच होती. हवालदार येणार, डुक्कर दाखवा म्हणणार, आणि आमच्याकडे होती ती मादी. मादीने माणसाची मांडी फाडली असं पोरसुद्धा मानणार नाही. तेव्हा कुणीतरी माझ्या पडवीतल्या सुळ्यांची आठवण काढली. कुणी ते आता आठवत नाही. तो मी नव्हतो, एवढं मात्र मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो.

रातोरात धाकूला अग्नी दिला गेला. मी सकाळी पडवीमागे चूल मांडली आणि मादीचं मुंडकं मोठ्या टोपात उकळायला ठेवलं. जुने सुळे पिवळे आणि कोरडे असतात, ताजे ओशट असतात. पोकळीत मी पूर्वी मेण भरलं होतं. ते सुईने खरवडून काढलं आणि तिथे मादीच्या हाडातली मज्जा भरली. मग सुळे त्याच टोपात टाकले आणि तासभर शिजू दिले. फळीचे खिळे जिथे रुतले होते तिथल्या खुणा चुना आणि चरबी कालवून बुजवल्या. मादीचा जबडा कुऱ्हाडीने असा फोडला की त्यात काय होतं नि काय नव्हतं ते कुणाला कळू नये. काम बेमालूम झालं. माझ्या हातून त्याआधी आणि त्यानंतर इतकं सफाईचं काम झालेलं नाही. त्या वेळी मला त्याचा थोडा अभिमानही वाटला, हे सांगायला लाज वाटते, पण वाटला.

दुपारी हवालदार आले. त्यांनी सुळा हुंगला, स्वतःच्या पंजाने मापला, "असल्या जनावरापुढे माणूस काय करणार" म्हणाले आणि पाटलांनी सांगितलं तसं लिहून घेतलं. चहा घेऊन गेले.

तेराव्याला गावाने ठरवलं की सुळे धाकूच्या घरी द्यायचे. ज्याचा जीव गेला त्याचा तेवढा तरी मान. खोटं एकदा बोललं की त्याला घरदारही बांधून द्यावं लागतं. तात्यांना नाही म्हणता येईना. बापाची आठवण होती ती, सगळ्या घराचं भूषण. त्यांनी ती जोडी स्वतः कापडात बांधून आणली आणि धाकूच्या बायकोपुढे, भागीपुढे ठेवली. भागीने गाठोडं उघडून पाहिलं, पुन्हा बांधलं आणि मांडीवर घेतलं.

चौदाव्या दिवशी सकाळी ती माझ्या पडवीत आली. मी नवीन फणसाची फळी रंधत होतो. ती उंबऱ्याशी बसली. गाठोडं समोर ठेवलं.

"ह्ये फळीवर बसवून द्या, भावजी," ती म्हणाली.

मी म्हटलं, देतो, वयनी. मी रंधा थांबवला नाही.

"तात्यांच्या पडवीत बारा वर्सं सारवते मी," ती म्हणाली. "भिंतीवर काय हाय ते मना ठावं हाय. ह्याच्या एकाच्या कडेला चीर हाय. ती मी रोज बघत व्हते."

माझा हात थांबला.

"आनि त्यांना आंगूळ घालताना तुमी बांधलेलं धोतर मी सोडलं. माझा बाप शिकारी. सुळ्यानं मांडी फाटते. भोकं पडत नायत."

बाहेर कोंबड्या भुसा उकरत होत्या.

"मना कुनाला तुरुंगात घालायचा नाय," भागी म्हणाली. "मना ह्याच गावात ऱ्हायाचं हाय. पोर लहान हाय. तात्यांचंच कूळ हाव आमी. पन तेरा दिवस सगळे येऊन डुकराचं सांगत्यात आनि मी मान हलवते. एकानं तरी मना खरं सांगावं. तुमी त्यांच्या करवतीचे जोडीदार. तुमी याल म्हनून मी थांबले व्हते. तुमी आलाव नाय."

सांगायचं होतं ते एवढंच. जाळीत पांढरं चमकलं तेव्हा तात्यांनी मला विचारलं होतं, "मेस्त्री, सुळाच ना? मला आताशा नीट दिसत नाही." त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ते त्यांनी घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, त्या क्षणी. आणि मी म्हणालो, "हो तात्या, वीतभर आहे." मी नीट पाहिलंही नव्हतं. तात्यांना वीतभर हवा होता, म्हणून तो वीतभर होता. ज्या पात्यावर मी सकाळी अर्धा तास हात चालवला होता, ते मला ओळखता आलं नाही.

हे मी भागीला सांगायला तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "वयनी, डुकरानंच मारलं."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. रागाने नव्हे. मी रागाला तोंड दिलं असतं.

"बरं," ती म्हणाली. "तोंडानं बोलवत नसंल तर छिन्नीनं बोला. तात्यांच्या फळ्यांवर मारनाऱ्याचं नाव असतंय. ह्या फळीवर त्यांचं नाव घाला, आनि खाली कुनी मारलं त्याचं. मना वाचता येत नाय, पन ते माझ्या भिंतीवर असंल. तेवढं करा. तुमच्याकडं मी दुसरं कायसुद्धा मागनार नाय."

मी होकार दिला. हो म्हणायची मला सवयच होती.

फळी मी पाच दिवस केली. कडा गोल केल्या, तेल पाजलं, सुळे समोरासमोर चंद्रकोरीसारखे बसवले. खाली मोठ्या अक्षरांत 'धाकू गोताड' कोरलं, त्याखाली साल घातलं. मग त्याखालच्या ओळीवर पेन्सिलीने 'अनंतराव विचारे यांनी मारले' लिहिलं. तात्यांचं पाळण्यातलं नाव अनंतराव. रात्रभर ते तसंच ठेवलं. सकाळी उठून पाहिलं आणि पुसलं. मग त्याजागी माझं नाव लिहिलं. तेही पुसलं. माझ्या नावाला तिथे जागा होती, एवढं मला माहीत होतं. पण ती फळी भिंतीवर लागणार, पाटील येणार, हवालदार येणार, पाहुणे येणार. मला बायको होती, दोन मुली होत्या, गावात एकच धंदा होता. प्रत्येक भित्र्या माणसाकडे असतात तेवढी सगळी कारणं माझ्याकडे होती.

शेवटी मी कोरलं, 'रानडुकराने मारले'. ओळ तेवढीच भरली.

भागी आली. तिने फळी मांडीवर आडवी घेतली आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. पहिल्या ओळीवर तिचं बोट थांबलं. "ह्ये त्यांचं," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

"आनि तात्यांचं कुठलं?"

मी तिचं बोट धरलं आणि शेवटच्या ओळीवर ठेवलं. "इथपासून," मी म्हणालो, "इथपर्यंत."

तिने ती अक्षरं दोनदा चाचपली. मग पदराने फळी पुसली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. जाताना माझ्या पायांना हात लावला. मी तिला अडवलंसुद्धा नाही.

चैत्रात ती मला विहिरीवर भेटली. जरा सावरली होती. घागर ठेवून म्हणाली, "भावजी, वाचतात हो सगळे. परवा पाटील आले व्हते. फळीपुढं उभे ऱ्हायले, वाचलं, आनि मान खाली घातली. हवालदारबी येऊन गेले. कुनी काय बोलत नाय. नको बोलू दे. वाचतात ना, बस झालं."

मी माझी कळशी अर्धीच भरून घरी आलो. तात्यांनी त्या हाक्यानंतर बंदुकीला हात लावला नव्हता. डुकरांनी त्या वर्षी कुळीथ ठेवलं नाही, आणि बंदूक वाचवून गावाला काय मिळालं ते कुणी बोललं नाही. मी तात्यांकडे जाणं टाळत होतो. भागीच्या घरावरूनही जात नव्हतो. पण दोन्ही घरं टाळून जाता येईल एवढं आमचं गाव मोठं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळा उघडली. मी मास्तरांच्या खुर्चीचा पाय बसवायला गेलो होतो. तिथे भागी दिसली. सहा वर्षांच्या मुलाला नवी टोपी घालून, हाताला धरून ती ओट्यावर बसली होती. मास्तरांनी नाव विचारलं, तिने सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

मला पाहून ती हसली. "पयलं ह्याला बापाची फळी वाचायला शिकवनार मास्तर," ती म्हणाली. "मी सांगितलंय त्यांना. मना ऐकायची हाय ह्याच्या तोंडून."

खुर्चीचा पाय मी तसाच सोडला. आमच्या मास्तरांच्या हाताखाली पोरं दिवाळीपर्यंत अक्षरं जोडायला लागायची. नवरात्राच्या आत मी बायको-मुलींना आणि हत्यारांना घेऊन बेळगावला आलो. त्यानंतर मी गावी गेलेलो नाही.